शंभराच्या पुडीत शंभर

रविवारच्या मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या आमच्या उपासनेच्या, शेवटी फादर म्हणतात, "शांतीने जा." आम्ही उत्तर देतो आणि दारापर्यंत पोचेतो लग्नाच्या, भाजीच्या भावाच्या गोष्टी सुरू झालेल्या असतात. माझ्या सासूबाईंनी तरुणपणापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. शेवटचे शब्द त्यांना पाठ होते, 'इते, मिस्सा एस्त'. अर्थ माहीत नव्हता. पुढे १९६२ ते १९६५ अशी कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, उपासना मराठीत आली. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की ते शब्द म्हणजे निरोप आहे, 'जा, आता तुम्हाला पाठवलं आहे'. आणि 'मिस्सा' हे नावसुद्धा त्या निरोपावरूनच पडलेलं. सासूबाई दोन दिवस तेच बोलत होत्या. म्हणाल्या, "बघ गं, सगळ्या उपासनेला नाव मिळालं ते बाहेर जाण्यावरून."

बाहेर जाऊन करायचं काय, ते इथे लिहिते. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यात सोनचाफ्याची वाडी करते. ३४ वर्षं दादरच्या फूलबाजारात फुलं नेते आहे. जे करून पाहिलं आणि जिथे चुकले, तेवढंच सांगते.

मोजलं जात नाही ती जागा शोधा

सुरुवात इथून करा. आपल्या धंद्यात, नोकरीत, घरात अशी एक जागा असतेच जिथे आपण काय करतो ते कुणी मोजत नाही. तुमची श्रद्धा आधी तिथे न्यायची. भक्तीची बाकी सगळी कामं लोकांच्या डोळ्यांपुढे होतात, ती सोपी असतात.

माझी जागा पुडीत आहे. सोनचाफा पहाटे काढायचा, कळी पुरती उमलायच्या आत, पाकळ्या जराशा सैल झाल्या की. आकडीने फांदी खाली घ्यायची, देठाशी नख लावून खुडायचं, पाकळीला बोट लागू द्यायचं नाही. जिथे बोट दाबलं तिथे दुपारपर्यंत तपकिरी डाग उमटतो. मग ओटीवर दिव्याखाली बसून मोजणी. एका हातात पाच फुलं, असे वीस हात झाले की शंभर. खाली केळीचं पान, देठ सगळे एका बाजूला, वरून पाण्याचा हलका शिंतोडा आणि केळीच्या सोपाने गाठ. ही पुडी दादरला कुणी उघडून मोजत नाही, कारण मोजायला घेतली तर हाताळून फुलं काळी पडतात. म्हणजे घेणाऱ्याला माझ्यावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा उपायच नाही.

एका वर्षी गणपतीच्या दिवसांत पावसाने कळ्या झडल्या. रोज साधारण ५७० फुलं निघायची. पाच पुड्या पुऱ्या होऊन ७० फुलं सुटी राहायची, आणि सुट्या फुलांना भाव येत नाही. मी काय केलं, प्रत्येक पुडीत वीसच्या ऐवजी एकोणीस हात घातले. सहा पुड्या झाल्या. आठ दिवस हेच केलं. रोज पहाटे गाडीत हातात जपमाळ होती आणि टोपलीत या पुड्या होत्या.

माझ्या सगळ्या पुड्या एकच मावशी घेते. ती स्टेशनाजवळ बसून हार ओवते. नवव्या दिवशी ती मला म्हणाली, "अगं, परवा मोठ्या हाराला पाच फुलं कमी पडली. तुझी पुडी म्हणजे शंभरच असणार. म्हणून सुनेलाच बोलले, कुठे सांडलीस म्हणून. रडली बिचारी."

परतीच्या गाडीत मला काही सुचेना. मी पाच फुलं कमी घातली होती आणि तिच्या घरात एका मुलीला शिव्या बसल्या होत्या. त्या रविवारी मी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घ्यायला उठले नाही. सोमवारी मावशीला खरं सांगितलं. लूकच्या शुभवर्तमानात १९ व्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू त्याच्या घरी येतो तेव्हा तो म्हणतो, ज्याचं मी अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करीन. मी हिशेब मांडला. पुडीमागे पाच, सहा पुड्या, आठ दिवस, म्हणजे २४० फुलं. त्याची चौपट ९६०. रोज सहा पुड्यांत एकेक हात जास्त घातला तर ३० फुलं परत जातात. म्हणजे ३२ दिवस एकवीस हात. ते मी केलं. मावशी पहिले दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढे महिनाभर तिने माझी प्रत्येक पुडी माझ्यासमोर उघडली आणि मोजली. फुलं काळी पडली तरी मोजली. मी उभी राहिले. मग एका सकाळी तिने पुडी उचलली आणि न उघडताच सुईत दोरा ओवायला घेतला.

तुमची जागा तुम्हीच ओळखाल. शिंप्याकडे गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड असतं. रिक्षावाल्याकडे नवखा प्रवासी असतो, दूधवाल्याकडे पहाटेचा नळ. शाळेत मागच्या बाकावरचं पोर असतं, त्याची वही कुणीच तपासून बघत नाही. कचेरीत ज्याची ओळख नाही त्याचा अर्ज असतो. जुन्या करारात या मापांबद्दल किती वेळा सांगितलंय ते बघा. लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात खरा तराजू आणि खरी वजनं आहेत. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात म्हटलंय, पिशवीत दोन प्रकारची वजनं बाळगू नका. आमोस संदेष्टा तर सण कधी संपतो आणि माप लहान करून कधी विकतो याची वाट पाहणाऱ्यांवर थेट तुटून पडतो.

कसं करायचं तेही सांगते. एकच जागा निवडा, चार नकोत. घरातल्या कॅलेंडरवर ज्या दिवशी ती नीट सांभाळली त्या दिवशी छोटी फुली करा. कुणाला अर्थ सांगू नका. महिनाभर करा. फुल्या किती झाल्या यापेक्षा कोणत्या दिवशी राहिल्या ते बघा. माझ्या राहतात त्या भाव चढलेला असतो त्या दिवशी. आता श्रावण लागला की मी जास्त सावध असते.

मजुरी सूर्य मावळायच्या आत, आणि कप आतला

वाडीत बेणणी आणि खत घालायला आमच्याकडे पूर्वेच्या पाड्यांवरून, काही वेळा जव्हार-मोखाड्याकडून आदिवासी बाया-माणसं येतात. हातावर पोट असलेली माणसं. अनुवादच्या २४ व्या अध्यायात याबद्दल साफ लिहिलंय की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला आहे. हे वाचून 'खरंय' म्हणणं वेगळं. संध्याकाळी पाचशेची नोट मोडत नाही म्हणून "उद्या घे गं" म्हणणं हे रोजचं आहे. म्हणून एक साधी सवय लावा. ज्या दिवशी माणूस कामाला बोलवायचा त्याच्या आदल्या दिवशीच सुटे पैसे आणून डब्यात ठेवा. सुटे नसतील तर माणूस बोलवू नका. भाव सकाळीच बोला, काम संपल्यावर नको. संध्याकाळी दमलेला माणूस घासाघीस करू शकत नाही आणि त्याला शेवटची बस पकडायची असते.

दुसरी गोष्ट लिहिताना आजही जड जाते. आमच्या पडवीत कौलाखालच्या फळीवर दोन कप वेगळे ठेवलेले असायचे. मजुरांचे. त्यांनी चहा प्यायचा, स्वतः विसळायचे आणि परत फळीवर पालथे घालायचे. मी सून म्हणून आले तेव्हापासून ते तिथे होते आणि मी वीस वर्षं ते पाहिले. आम्ही रविवारी एका भाकरीचे सगळे वाटेकरी म्हणून रांगेत उभे राहतो आणि सोमवारी फळीवर वेगळा कप. एका गुड फ्रायडेला क्रूसाची वाट करून घरी आले आणि ते कप खाली काढले, घासले, घरातल्या मांडणीत ठेवले. सासूबाई चिडल्या. आठवडाभर त्यांनी स्वतःचा पेला खोलीत नेऊन ठेवला. मी वाद घातला नाही, पण कप परत फळीवर ठेवले नाहीत. पुढे त्या आजारी पडल्या तेव्हा त्यांना उठवून बसवायला, पाणी पाजायला मदत करायची ती कामाला येणारी बाईच. तेव्हा कुठला पेला कुणाचा हे त्यांनी विचारलं नाही.

तुमच्या घरात असा कप असेल. कदाचित कप नसेल, जिन्याजवळची वेगळी खुर्ची असेल, वेगळं ताट असेल, कामवालीने वापरायचा नाही असा संडास असेल. तो आजच काढा. यासाठी फादरांना विचारायची गरज नाही.

विहीर

हे वसईकरांसाठी आहे, पण किनाऱ्यावर जिथे जिथे गोड पाण्याच्या विहिरी आहेत तिथे लागू पडेल. स्टेशनाभोवती इमारती वाढल्या तेव्हा पाण्याचे टँकर आमच्या गावांत यायला लागले. ज्याची विहीर मोठी त्याला बसल्या जागी रोख पैसे. पंप दिवसरात्र चालायचे. समुद्र जवळ असला की जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. गोडं उपसलं की खारं आत सरकतं, आणि एकदा सरकलं की तुमच्या बांधापाशी थांबत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीतही जातं. केळ आधी पिवळी पडते, मग पानवेल.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ केली ती याच पाण्यासाठी, याच हिरवाईसाठी. एक धर्मगुरू वेदी सोडून रस्त्यावर का उतरतो, असं तेव्हा आमच्यातलेच काही जण कुरकुरत होते. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला. मला मात्र ते विहिरीच्या कडेने आठवतात. आमच्या घरीही टँकरवाला आला होता. यजमानांनी आकडा ऐकला, मला आत येऊन सांगितला. मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर होती. रात्री आम्ही दोघं विहिरीवर जाऊन उभे राहिलो. यजमान एवढंच म्हणाले, "पाणी माझं असतं तर खाली त्याला कुंपण असतं." फीसाठी आम्ही गाय विकली.

तुमच्याकडे विहीर नसेल. तरी स्वतःला हा प्रश्न विचारा की माझ्या हक्काचं म्हणून मी जे विकतो, वापरतो, उपसतो, त्याचा खारटपणा शेजारी कुणाच्या अंगणात जातोय का? शेतीवर फवारणी करणाऱ्याने विचारावा, सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारावा, होडीवाल्याने विचारावा.

भावकीतला तंटा

मत्तयच्या ५ व्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट बघा, 'तुझ्या मनात' असं तिथे नाही, 'त्याच्या मनात' असं आहे. चूक कुणाची हा प्रश्नच तिथे येत नाही. मिस्सेत आपण एकमेकांना शांती देतो तेव्हा शेजारच्या बाकावरच्याला हात जोडतो. ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो चार बाकं पुढे बसलेला असतो, तिकडे मान वळत नाही.

आमचं धाकट्या दिरांशी पाटाच्या पाळीवरून बिनसलं होतं. पाणी कुणी किती तास घ्यायचं यावरून. सहा वर्षं. या बाबतीत शिकलेलं सांगते. निरोप पाठवू नका, स्वतः जा. मधला माणूस निरोप पोचवताना त्यात स्वतःचं मीठ घालतो. जेवायच्या वेळी जाऊ नका, चहाच्या वेळी जा, म्हणजे त्यांच्यावर पाहुणचाराचा भार पडत नाही. रिकाम्या हाताने जाऊ नका, पण दुकानातली मिठाईही नेऊ नका. वाडीतली केळी, अळूची चार पानं न्या, जशी पूर्वी जायची तशी. जुना हिशेब काढू नका, त्यांनी काढला तर मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका. आणि स्वतःची चूक सांगताना 'पण' हा शब्द येऊ देऊ नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा 'पण' आला आणि केळी परत घेऊन यावं लागलं. दुसऱ्यांदा सात महिन्यांनी गेले.

दहाव्या दिवशी जा

कुणाकडे मृत्यू झाला की पहिल्या दिवशी घर भरलेलं असतं. शेजारी हिंदू असो, मुसलमान असो, आपला असो, मयताला जाणं हा आपल्याकडचा धर्मच आहे, ते सगळे करतात. तुम्ही दहाव्या-बाराव्या दिवशीही जा. तेव्हा पाहुणे परतलेले असतात आणि घरातली बाई पहिल्यांदा एकटी असते. पेज करून न्या. "देवाची इच्छा" म्हणू नका. भांडी दिसली तर घासा. दवाखान्यात कुणी असेल तर रोग्यापेक्षा त्याच्याजवळ बसलेल्याकडे बघा. त्याला म्हणा, "दोन तास मी बसते, तू घरी जाऊन आंघोळ करून ये." मत्तयच्या २५ व्या अध्यायात आजाऱ्याला भेटायला आलात म्हटलंय, ते मला असंच समजतं.

उपवासकाळाबद्दल थोडंच लिहिते. राखेच्या बुधवारापासून चाळीस दिवस आम्ही पाळतो, शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे चालतात, आणि किनाऱ्यावर पापलेट कोंबडीहून महाग असतं. नियम पाळला जातो, जिभेला काही सोडावं लागत नाही. यशयाच्या ५८ व्या अध्यायात देवाला हवा असलेला उपवास सांगितलाय. त्यात भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं आहे. म्हणून शुक्रवारी आमच्याकडे पेज आणि लोणचं, आणि त्या दिवसाच्या बाजाराचे पैसे डब्यात. ईस्टरच्या आठवड्यात तो डबा एका घरी जातो. कुठल्या, ते मुलांनाही सांगत नाही.

आपल्या श्रद्धेविषयी बाजारात बोलावं का, असं मला एका तरुण मुलीने विचारलं होतं. विचारलं तर बोलावं. दादरला एका गृहस्थांनी माझ्या गळ्यातला क्रूस पाहून विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती, आणि तुमची फुलं सिद्धिविनायकाला?" मी सांगितलं, "काका, पहाटे चारला उठून तुमच्या देवासाठी फुलं खुडते. त्यात डागी फूल जाऊ नये, कमी फूल जाऊ नये, ही माझ्या देवाची आज्ञा आहे." ते थोडा वेळ उभे राहिले, मग दोन हार घेऊन गेले.

घरात मात्र सगळ्यात कठीण. बाजारात तोंड गोड ठेवणारी मी सुनेवर पटकन आवाज चढवते. यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. एवढं करते की आवाज चढला की त्याच दिवशी, झोपायच्या आधी, तिच्याजवळ जाऊन "चुकलं" म्हणते. कारण सांगत नाही.

खाडीच्या पुलावर

लोयोलाच्या संत इग्नेशियसने दिवसाकडे मागे वळून बघायची एक पद्धत घालून दिली आहे. त्यासाठी वेगळी खोली, मेणबत्ती लागत नाही. मी ती परतीच्या लोकलमध्ये करते. जाताना जपमाळ, येताना हे. भाईंदर गेलं की गाडी खाडीच्या पुलावर येते, दोन्ही बाजूंना पाणी, डब्यात वारा शिरतो. तिथपासून वसई रोडपर्यंतचा वेळ पुरतो. आधी कालपासून आत्तापर्यंत काय काय चांगलं मिळालं ते आठवायचं, अगदी बसायला जागा मिळाली तेही. मग कुठे कुणाला कमी दिलं ते. मग त्यातली एकच गोष्ट उचलायची आणि आज संध्याकाळपर्यंत नीट करायची. एकच. यादी केली की काहीच होत नाही.

गेल्या गुरुवारी पुलावर पाटाची पाळी आठवली. दिरांशी आता बोलणं आहे, पण पाण्याचे तास अजून ठरलेले नाहीत, ज्याला जमेल तसं तो वळवतो. घरी येऊन मी टोपली उतरवली आणि फावडं घेऊन बांधावर गेले. पाणी आमच्याकडे येत होतं. मी पाट त्यांच्या केळीकडे मोकळा केला आणि मातीचा बांध घालून आमच्याकडचं तोंड बुजवलं. दीर पलीकडे उभे होते. काही बोलले नाहीत. शुक्रवारी पहाटे चाफा काढायला बाहेर पडले तर पाणी आमच्याकडे वळवलेलं होतं, आणि बांधावर त्यांच्या फावड्याचे ओले वळ होते.